बाबांचा चेला

प्रबंध पुरा झाला तेव्हा ठकूच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर बाळाची टाच. शेवटच्या प्रकरणात मधेच ओळभर एकच अक्षर उमटलं होतं, ते त्या टाचेचं संशोधन. तेवढं खोडून तिनं फाइल पाठवून दिली आणि नवऱ्याला म्हणाली, न्हालं एकदाचं घोडं गंगेत. नवरा म्हणाला, घोड्याचं झालं, आता तूही न्हाऊन घे, मी बाळाला धरतो.

पुढे काही महिन्यांनी विभागानं त्या वर्षातलं सर्वांत मोलाचं काम म्हणून तिच्या प्रबंधाची निवड केली. छोटासा समारंभ, एक मानचिन्ह, तिचं भाषण आणि प्रात्यक्षिक. तिच्या मार्गदर्शकांना सगळा विभाग नुसतं ‘बाई’ म्हणे. बाईंनीच फोन करून बातमी दिली आणि वर सांगितलं, की प्रात्यक्षिकाला वडिलांना आण, सगळं त्यांच्यापासूनच सुरू झालंय.

ते खरंच होतं. ठकूचे बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. एका दवाखान्यात ‘शांतता राखा’ रंगवता रंगवता शीळ घातली म्हणून नर्सनं त्यांना शिडीसकट बाहेर काढलं होतं, ही गोष्ट त्यांनी घरात इतक्यांदा सांगितली, की आई त्यांच्या आधी शेवट सांगून टाकायची. मग एका वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. रेघ वाकडी जाऊ लागली, तसे ब्रश धुऊन माळ्यावर ठेवले आणि परत काढले नाहीत. पुढे फोनवर लेकीला दोन ओळी लिहायला बसले की अंगठा भलत्याच अक्षरावर पडायचा, आणि ज्या माणसानं जन्मभर अक्षरंच घडवली तो फोन उलटा ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा.

ठकू तेव्हा नुकतीच संशोधनाला लागली होती. वापरणाऱ्याच्या सवयी बघून स्वतःला बदलत जाणारं सॉफ्टवेअर, हा विषय कागदावर होता. बाबांच्या अंगठ्यानं त्याला जीव दिला. तिनं बाबांच्या फोनवर एक छोटा प्रोग्रॅम घातला. अंगठा कुठे ढळतो हे तो बघायचा आणि हवं ते अक्षर त्या अंगठ्याखाली आणून ठेवायचा. मग तो त्यांचे शब्द शिकला. मग वाक्यं शिकला. त्यांनी सुरुवात करावी आणि त्यानं उरलेलं ओंजळीत धरावं, असं. लेक काय लिहिते तेही तो वाचायचा, म्हणजे उत्तर सोपं जावं. बाबांनी त्याचं नाव ठेवलं चेला. पूर्वी ते अक्षराची कड आखायचे आणि हाताखालचा माणूस आत रंग भरायचा, तसाच हा. “पण याचा हात कुणावर गेलाय?” ते आईला विचारायचे, आणि आई म्हणायची, “तुमच्यावर गेला असता तर शीळ घातली असती.”

तेव्हापासून रोज सकाळी ठकूच्या फोनवर बाबांचा निरोप यायचा. बाळ झाल्यावर त्यात तिची पिल्लूही आली. “ठकू, उठलीस का? पिल्लूला दात आला का? मी मजेत. आई कुरकुरते आहे, म्हणजे तीही मजेत.” बाळाला डाव्या हातानं पाजत ती उजव्या हातानं वाचायची, हसायची, आणि घाईघाईनं काहीतरी उत्तर धाडून कामाला लागायची. बाळ झालं तेव्हा आई-बाबा येऊन गेले होते. बाबा जरा गप्प वाटले होते, पण ते बोलके होते कधी? आणि त्या दिवसांत ठकूला स्वतःचं नाव विचारलं असतं तर तीही क्षणभर थांबलीच असती. पुढे बाळाची दुखणी, प्रबंधाची घाई, आईचा गुडघा. जाणं-येणं राहूनच गेलं.

आई फोनवर मधूनमधून सांगायची. हल्ली हे दुधाचं पातेलं कपाटात ठेवतात. परवा आंघोळ करून आले आणि परत आंघोळीला निघाले. शेजाऱ्यांना ओळख दिली नाही. ठकू ऐकून घ्यायची आणि बाबांचा सकाळचा निरोप आईला पाठवून द्यायची. हे बघ, आत्ताच लिहिलंय त्यांनी, पिल्लूच्या खोकल्याची चौकशीसुद्धा केलीये. विसरतात कुठे? वय झालं, थोडं चालायचंच. एकदा आई चिडली होती. म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, येऊन बघ. ठकूनं पुन्हा एक निरोप पुढे केला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच तिला वाटायचं. मग हळूहळू आईनं सांगणं सोडलं.

समारंभासाठी दोघं आली, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या बाबांनी नातीकडे हात पसरले. बाळ त्यांच्याकडे गेलं, चष्मा ओढू लागलं, ते खळखळून हसले. “गोड आहे,” ते म्हणाले. “कुणाचं?” आई पटकन म्हणाली, चला आत, उन्हात उभं राहू नका. ठकूला वाटलं, बाबांनी गंमत केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ झोपल्यावर ती बाबांना घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली, प्रात्यक्षिकाची तालीम करायला. बाईंची कल्पना सोपी होती. आधी बाबांनी एका कोऱ्या फोनवर लिहायचं, ज्यात चेला नाही. अंगठा ढळेल, अक्षरं चुकतील, सभागृहाला दिसेल. मग स्वतःच्या फोनवर तेच लिहायचं. फरक सांगायची गरजच पडणार नाही.

तिनं कोरा फोन त्यांच्या हातात दिला. “बाबा, रोज मला लिहिता ना, तसंच लिहा. चुकलं तर चुकू द्या, चुकायलाच हवंय.”

बाबांनी फोन धरला. हात थरथरत होता, पण ठकूला वाटलं होतं तितका नाही. अंगठा अक्षरांवर आला आणि तिथेच थांबला. एखाद्या अनोळखी गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा राहतो तसा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं.

“यातलं कुठलं?” त्यांनी विचारलं.

“ठ पासून सुरू करा. ठकू.”

“हो हो,” ते म्हणाले. अंगठा हलला नाही. ठ त्यांच्या नखाखाली होता. ज्या अक्षराच्या गोलाईसाठी ते शिडीवर श्वास रोखून उभे राहत, त्याच अक्षराकडे ते सभ्यपणे बघत होते, ओळख करून दिली जाण्याची वाट बघावी तसे.

ठकूनं हसायचा प्रयत्न केला. बरं, राहू द्या ते, पिल्लूचं नाव लिहा, असं म्हणाली. बाबांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी कोरा फोन बाजूला सारला आणि खिशातून स्वतःचा काढला. आता त्यांचा चेहरा सैल झाला. अंगठा पडद्याच्या मधोमध टेकवला, कुठल्याही अक्षरावर नाही, नुसता मधोमध, दाराची बेल वाजवावी तसा. आणि चेल्यानं सगळं वाक्य पुढे केलं. ठकू, जेवलीस का? पिल्लू झोपली का? मी मजेत. बाबांनी दाबलं. तिच्या शेजारी ठेवलेला तिचा फोन थरथरला.

“झालं,” बाबा म्हणाले.

ठकूला सगळं एकदम दिसलं, कारण ते तिनंच बांधलेलं होतं. चेल्याला एवढंच माहीत होतं, की माणूस अडला की हात द्यायचा. अडलं ते हाताचं की मनाचं, हे ओळखायला तिनं त्याला शिकवलंच नव्हतं. हात ढळला, त्यानं अक्षर दिलं. शब्द गेला, त्यानं शब्द दिला. वाक्य गेलं, नाव गेलं, नात गेली. तो बिचारा इमानानं देतच राहिला. एका अक्षरानंही त्यानं बाबांची लाज उघडी पडू दिली नाही. झाकली मूठ त्यानं शेवटपर्यंत झाकूनच ठेवली. आणि दात, खोकला, झोप ही चौकशी तरी कुणाची? तीच उत्तरात लिहायची, त्यातूनच तो उचलायचा. तिनंच पेरलेलं तिला रोज सकाळी उगवून मिळत होतं, आणि तिला वाटत होतं की हे बाबांच्या शेतातलं आहे.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई बाळाच्या बाटल्या उकळत होती. ठकू ओट्याला टेकून उभी राहिली. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

“कळलं का?” ती म्हणाली.

ठकूनं मान डोलावली.

“मी सांगत होते,” आई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच ठकूला सोसेना. “तू म्हणायचीस, मला तर सरळ लिहितात. मला वाटलं, म्हणजे माझ्याशीच असं वागतात. लेकीसाठी डोकं ठिकाणावर, बायकोसाठी नाही. मग मी भांडायचे गं त्यांच्याशी. मुद्दाम करता म्हणायचे. एकदा दिवसभर बोलले नाही. आणि ते आपले विचारत राहिले, अगं, काय झालं, मी काय केलं.”

तिनं चिमट्यानं एक बाटली बाहेर काढली, निथळली, आणि पुन्हा त्याच पाण्यात ठेवली.

“मला कुणी सांगितलं असतं ना, की हे आजारी आहेत,” आई म्हणाली, “तर मी बोलले नसते तसं.”

ठकूनं आईच्या पाठीवर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही, पण तिच्याकडे वळलीही नाही.

संध्याकाळी ठकूनं ओळखीच्या एका डॉक्टरला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तपासायला घेऊन ये म्हणाला, आणि लवकर कळलं असतं तर, एवढं बोलून तेवढ्यावरच थांबला.

समारंभाच्या दिवशी सकाळीच ती बाईंच्या खोलीत गेली. बाळ कडेवर होतं, त्यानं बाईंच्या टेबलावरची टाचण्यांची डबी उपडी केली, आणि दोघी जणी जमिनीवर बसून टाचण्या वेचता वेचता बोलल्या. ते बरंच झालं. तोंडाकडे बघावं लागलं नाही. ठकू म्हणाली, प्रात्यक्षिक करणार नाही. बाबा छान करतील, तीच अडचण आहे. लोकांना वाटेल, चालतंय. तिला खरं तर मानचिन्हही नको होतं. खोटं काम आहे ते, ती म्हणाली.

बाईंनी वेचलेल्या टाचण्या डबीत टाकल्या. मग म्हणाल्या, खोटं नाही, अपुरं आहे. कुबडी द्यायला तू शिकलीस, कुबडीवर भार किती पडतोय ते घरच्यांना सांगायला शिकली नाहीस. आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो, आमच्यापैकी एकानंही ते विचारलं नाही.

“मग हे मी तिथे सांगू?”

“सांग. पण एक ध्यानात ठेव,” बाई म्हणाल्या. “ते टाळ्या वाजवतील. आणि तुला त्यांचा फार राग येईल.”

तसंच झालं. सभागृह काही मोठं नव्हतं, पंखे आवाज करत होते, मागच्या रांगेत विद्यार्थी चहाच्या ओढीनं बसले होते. पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते, त्यांच्या शेजारी आई, आईच्या खांद्यावर झोपलेलं बाळ. ठकूनं आकृत्या दाखवल्या नाहीत. माझ्या कामानं एका माणसाचं आजारपण त्याच्या घरापासून लपवलं, असं तिनं सांगितलं. माणूस कोण ते सांगितलं नाही. चुका पुसणं हाच आपण यशाचा अर्थ धरला. पण घरातलं माणूस घरातल्या माणसाला ओळखतं ते पुष्कळदा चुकांवरूनच, आणि आपण नेमकं तेच पुसलं. यापुढे असा मदतनीस किती मदत करतोय हे त्या माणसाच्या संमतीनं त्याच्या जवळच्यांना दिसायला हवं, आणि तोवर हे काम पुरं झालं असं तिला म्हणवत नाही. शेवटी ती एवढंच बोलली, की यंत्र काही सांगत होतं तेव्हा दुसरंही कुणी सांगत होतं, आणि तिनं ऐकलं यंत्राचं. हे म्हणताना ती आईकडे बघत होती. आईनं बाळाची टोपी सारखी केली.

टाळ्या पडल्या, केवढ्या तरी. किती प्रांजळ, असं कुणीतरी मागे म्हणालंही. बाबांनी सगळ्यांना बघून टाळ्या वाजवायला घेतल्या आणि सगळे थांबले तरी ते वाजवतच राहिले, मोकळ्या, आनंदी चेहऱ्यानं. शेवटी आईनं त्यांचे हात हलकेच धरून मांडीवर ठेवले आणि तसेच धरून बसली.

परतताना गाडीत ठकू आईला म्हणाली, उद्या बाबांच्या फोनमधला चेला काढून टाकते. सगळं खोटंच येतं त्यातून. आई खिडकीबाहेर बघत होती. “काढ,” म्हणाली. “तूच घातलायस.” थोड्या वेळानं तिनंच पुढे विचारलं, “पण मग सकाळी ते काय करतील?”

सकाळी बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बाळ खाली बसून चमचा फरशीवर आपटत होतं. ठकू स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली आणि फोनसाठी हात पुढे केला. बाबांनी फोन छातीशी धरला.

“थांबा हं जरा,” ते म्हणाले. “मुलीला लिहायचंय. सकाळी वाट बघते ती.”

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं ठकूला झालं. तिचा हात तसाच हवेत राहिला, मग तिनं तो बाळाच्या डोक्यावर ठेवला. बाबांनी अंगठा मधोमध टेकवला. चेल्यानं वाक्य पुढे केलं. त्यांचे ओठ हलले, त्यांनी दाबलं. ठकूच्या खिशात फोन थरथरला. बाबांना त्याचा पत्ता नव्हता.

“गेलं,” ते समाधानानं म्हणाले. “आता येईल उत्तर. कामात असते, लहान बाळ आहे तिला. पण उत्तर देते.”

“हुशार आहे का तुमची मुलगी?” ठकूनं विचारलं. का विचारलं, ते तिलाही कळलं नाही.

बाबांनी विचार केला. “लहान आहे अजून,” ते म्हणाले.

मग ते फोनकडे बघत बसले. ठकू त्यांच्याकडे बघत बसली. बाळानं चमचा टाकला, उचलला, टाकला. बाबांचा अंगठा फोनच्या कडेवरून फिरू लागला. त्यांनी दाराकडे पाहिलं, परत फोनकडे पाहिलं. कपाळावर आठी आली. आज उशीर झाला, असं काहीसं ते स्वतःशी पुटपुटले. लेक सुखरूप असेल ना, अशी काळजी बापाच्या चेहऱ्यावर कशी चढत जाते ते ठकूनं तेवढ्या जवळून आजवर पाहिलं नव्हतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“ठकू,” ती हळूच म्हणाली, “लिही गं. वाट बघताहेत.”

ठकू उठून आत गेली, भिंतीच्या आड, मोरीच्या कडेला. खिशातून फोन काढला आणि बाबांचा निरोप उघडला. ठकू, भाषण छान झालं ना? पिल्लू रडली नाही ना? मी मजेत. आई कुरकुरते आहे, म्हणजे तीही मजेत. भाषणाचं तीच गेल्या आठवड्यात त्यांना लिहून बसली होती.

तिनं उत्तरासाठी बोट टेकवलं, आणि तिच्या फोनमधल्या चेल्यानं तत्परतेनं वाक्य पुढे केलं. तिच्याही फोनवर तो होताच. स्वतःचं काम स्वतः वापरून बघायला तिनंच घातला होता. मजेत आहे बाबा, घाईत आहे, संध्याकाळी बोलते.

ती त्या ओळीकडे बघत राहिली. हे तिचंच वाक्य होतं. किती सकाळी ती हे नुसतं दाबून मोकळी झाली असेल? तिकडून चेला विचारायचा, इकडून चेला सांगायचा, आणि बाप-लेक दोघंही आपापल्या खुर्चीत गप्प. निदान बाबा तरी तिचं उत्तर येईपर्यंत फोन हातात धरून बसायचे.

तिनं स्वतःच्या फोनमधला चेला बंद केला. बाबांचा तसाच राहू दिला. मग एकेक अक्षर शोधून लिहू लागली. डोळे भरले होते, बोट भलतीकडे पडत होतं, चुकलेलं खोडायला कुणी नव्हतं. बाबा, काल तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवल्यात. मी बघत होते. एवढंच लिहायला तिला फार वेळ लागला. पाठवलं.

बाहेर फोन वाजला. चमच्याचा आवाज थांबला.

“अगं,” बाबांची हाक आली, आईला. “ठकूचं आलं बघ. ये, तुला वाचून दाखवतो.”

आईनं ओले हात पुसले. जाता जाता ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला, बाहेर गेली, आणि मघाचं ते स्टूल ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली.

“वाचा,” ती म्हणाली. “काय म्हणते?”